मालिकेतल्या घरात कूलर नसतो

मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरात एक ठरलेलं काम असतं, कूलरमध्ये पाणी भरण्याचं. मोरीतल्या नळाला नळी लावायची, ती हॉलमधून खिडकीपर्यंत ओढत न्यायची, वाळ्याच्या ताट्या वरपासून खालपर्यंत भिजल्या की नाही ते बघायचं आणि टाकी भरत आली की नळ बंद करायला धावायचं. दिवसभर 45 अंशांत तापलेल्या भिंतींना त्या वेळी हात लावला तर चटका बसतो. सात वाजता आई देवाजवळ दिवा लावते, कूलरचं बटण दाबते आणि त्याच्या घरघरीच्या वर जाईल एवढा टीव्हीचा आवाज वाढवते.

मालिका सुरू होते. तिथेही उन्हाळाच असतो, कारण परवाच त्या घरात अक्षय तृतीया झाली. काठपदराची जड साडी नेसलेली सून हातात पूजेचं ताट घेऊन जिना उतरते. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. पंखा फिरत नाही, कूलर तर त्या घराने कधी पाहिलेलाच नाही. माझ्या आईने आयुष्याचे सत्तर उन्हाळे नागपुरात काढले, पण तिला यात काहीही खटकत नाही. सून जिन्यावर थबकते, खोलीतलं बोलणं तिच्या कानावर पडतं, आणि आई म्हणते, "ऐकलं तिनं. आता या घराचं काही खरं नाही."

आई फसवली जातेय असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. मालिका खरी वाटते त्यामागे मोठी कारागिरी आहे आणि त्या कारागिरीत आईसारख्या प्रेक्षकांचा वाटा निम्मा आहे, असं माझं मत झालं आहे. आणि ज्या विश्वासाने नागपूरने ही घरं आपली मानली, त्या विश्वासाची परतफेड मराठी वाहिन्यांनी केलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

मालिकेचा खरेपणा बहुतेक जण नेपथ्यात शोधतात. घर खरं वाटतं का, कपडे खरे वाटतात का? त्या कसोटीवर मालिका पहिल्या पाच मिनिटांत नापास होते. दिवाणखान्यात भला मोठा जिना, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर नाही, झोपेतून उठलेल्या बाईचे केस विंचरलेले. एकच धक्का बसलेला चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवतात आणि मागे वाद्यांचा कल्लोळ. हे सगळं रचलेलं आहे हे आईला पुरतं ठाऊक आहे. तरी ते आड येत नाही, कारण तिच्या विश्वासाची गाठ वेळेशी बांधलेली आहे.

सिनेमा अडीच तासांत तीस वर्षं उरकतो. मालिकेला ती घाई नसते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि तेवढ्यात एखादी बाई फक्त चहाचा कप घेऊन खोलीच्या दारापर्यंत येते. टीकाकार याला पाणी घालणं म्हणतात. पण घरातली माणसं याच गतीने जगतात. एखादी वाईट बातमी सांगायची असेल तर आपणही चार दिवस दारापर्यंत जाऊन परत येतो. पहिल्या दिवशी पाहुणे असतात, दुसऱ्या दिवशी समोरच्याचं डोकं दुखत असतं, तिसऱ्या दिवशी आपलाच धीर होत नाही. ही रेंगाळण सिनेमाला परवडत नाही. मालिकेला परवडते, आणि तिथेच ती आपल्या घराच्या सर्वात जवळ येते.

शिवाय ती रोज येते. आपल्याकडे संक्रांत तेव्हा तिच्याकडे संक्रांत. आपले गणपती बसतात त्या दिवशी तिच्याही घरी बसतात. शूटिंग ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या स्टुडिओत काही दिवस आधीच झालेलं असतं, तिथले मोदक कधीच गार झालेले असतात, पण पडद्यावर दोन्ही घरांचं पंचांग जुळतं. वर्षानुवर्षं एका पंचांगावर जगणाऱ्या दोन घरांत शेजाराचं नातं तयार होतं. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून अधिक भाग. तेवढ्या काळात आमच्या गल्लीतली दोन घरं विकली गेली, मुली सासरी गेल्या, आमचे बाबा गेले. ते घर रोज संध्याकाळी तिथेच होतं. बाबा गेल्यानंतरच्या महिन्यात आईने पहिल्यांदा टीव्ही लावला तो याच मालिकेसाठी, आणि लावल्यावर म्हणाली, "बघू तरी, त्यांच्याकडे काय चाललंय." चौकशीला जावं तसं.

मध्येच एखादी नटी मालिका सोडते. त्याच नावाने दुसरी येते. आई दोन-तीन दिवस कुरकुरते, "ही नाही बाई तिच्यासारखी." चौथ्या दिवशी नवीन बाई जुन्या नावाला ओ देते आणि आईची कुरकुर थांबते. चेहऱ्यासकट माणूस बदललं तरी नातं टिकलं. खऱ्या शेजारणीच्या बाबतीत हे कसं शक्य झालं असतं? मालिकेत होतं, कारण तिथे विश्वास बसलेला असतो तो संध्याकाळच्या त्या ठरल्या वेळेवर.

याची उलट बाजू 2020 मध्ये दिसली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मालिकांचं शूटिंग थांबलं, साठवलेले भाग संपले आणि वाहिन्यांनी जुने भाग लावायला सुरुवात केली. दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवलं, ते लोकांनी भक्तीने पाहिलं. रामाची गोष्ट सगळ्यांना आधीपासून पाठच असते. पण रोजच्या मालिकेचा जुना भाग आईला बघवेना. ऐन उन्हाळ्यात त्या घरात दिवाळी चालली होती. चेहरे तेच, बोलणं तेच, घर तेच. ती म्हणाली, "शिळं वाटून राहिलं हे," आणि टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंगवर पुन्हा बंदी आली, तेव्हा मराठी मालिकांनी अख्खा संच घेऊन गोवा गाठलं, कुणी सिल्वासा गाठलं. रोजचं येणं तुटलं की काय होतं, हे तोवर वाहिन्यांनाही कळून चुकलं होतं.

आता निम्म्या वाट्याबद्दल.

मालिका संपल्यावर, साडेआठच्या सुमाराला, आई अमरावतीच्या मावशीला फोन लावते. अर्धा तास तरी दोघी बोलतात. मी अनेकदा शेजारी पेपर तपासत बसलेली असते, त्यामुळे हे फोन माझ्या कानावरून गेलेले आहेत.

"पाह्यलं का गं तू? त्या पोट्टीनं घरी काहीच नाही सांगितलं अजून. सासू सगळं पाहून राहिली, पण बोलून नाही राहिली."

मालिकेत ही पोट्टी 'मुलगी' असते आणि ती शुद्ध पुणे-मुंबईच्या मराठीत बोलते. "मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं" असं काहीतरी ती म्हणाली असेल. फोनवर येईपर्यंत तिची भाषा बदललेली असते. आई तिला आपल्या बोलीत आणते. ही साधी नक्कल नव्हे. मावशी विचारते, "मंग माहेरचे घेतीन का तिला परत?" असा प्रश्न मालिकेत कोणीच विचारलेला नसतो. आई आपल्या मनाने उत्तर देते, "कुठून घेतीन? भावजय आहे घरात. दोन खोल्या. म्हातारीची पेन्शन किती येते तुला माहीत नाही का?" मालिकेतल्या म्हातारीची पेन्शन कुणालाच माहीत नाही, कारण ती लिहिलेलीच नाही. या दोघी ती ठरवतात. मालिकेने वगळलेली भाषा, खोल्या, पैसे, सगळा हिशेब त्या फोनवर भरून काढतात, आणि मग त्यांना ती गोष्ट खरी वाटते. विदर्भातल्या किती घरांत हे रोज होत असेल! मुंबईहून आलेली कथा इथल्या बायका रोज रात्री आपल्या बोलीत पुन्हा रचतात आणि तिला हाड-मांस देतात. या कामाची नोंद कोणत्याच श्रेयनामावलीत नसते.

आमच्या घरचंच हे वैशिष्ट्य आहे असं समजण्याचं कारण नाही. 1980 च्या सुमारास 'डॅलस' ही टेक्सासमधल्या एका तेलसम्राट कुटुंबाची अमेरिकी मालिका जगभर गाजत होती. इएन आंग या अभ्यासिकेने नेदरलँड्समधल्या एका महिला नियतकालिकात छोटीशी जाहिरात दिली: ही मालिका तुम्हाला का आवडते किंवा आवडत नाही, ते कळवा. 42 पत्रं आली. डच वाचकांचा टेक्सासच्या तेलविहिरींशी काय संबंध? तरी काहींनी मालिका अगदी खरी वाटते असं लिहिलं होतं. वाडा खरा नाही, श्रीमंती खरी नाही, पण त्यातलं भांडण, मत्सर, एकटं पडणं ओळखीचं आहे, असा त्याचा अर्थ आंग यांनी लावला आणि त्याला भावनिक वास्तव म्हटलं. मालिकेसमोर डोळे पुसणाऱ्या बाईची टिंगल करणाऱ्यांना हे वाचायला द्यावं. ती बाई जिन्याला रडत नसते. कधीतरी तिनेही दाराआडून आपल्याबद्दलचं बोलणं ऐकलेलं असतं.

इथपर्यंत मी मालिकेच्या बाजूने आहे. पुढे नाही.

कारण भावना हवेत उगवत नाही. अपमान सगळीकडे अपमानच असतो, हे खरं. पण तो कुणासमोर झाला, कोणत्या शब्दाने झाला, किती रुपयांवरून झाला, यावर तो किती खोल जाईल हे ठरतं. मालिकेने हे तपशील सोडून दिले, कारण ते न लिहिताही गोष्ट चालते. आई आणि मावशी ते भरून देतात, म्हणून चालते. माझा आक्षेप या फुकटच्या मजुरीला आहे.

आमच्या गल्लीत ज्या घरात पंचविशीतला मुलगा आहे, त्या घरात तो बहुधा राहत नाही. तो पुण्याला हिंजवडीत असतो. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसतो, शनिवारी सकाळी घरी पोचतो, रविवारी संध्याकाळी परत निघतो. घराचे सगळे प्रश्न त्या दीड दिवसात कोंबलेले असतात: बहिणीला आलेलं स्थळ, वडिलांची शुगर, बेसा रोडचा प्लॉट ठेवायचा की विकायचा. आई त्याच्या आवडीचा वडाभात करते आणि बोलायचं ते बोलायचं राहून जातं. ट्रॅव्हल्स सुटताना खिडकीखाली उभी राहून ती जे एक वाक्य बोलते, त्यावर एक अख्खा आठवडा मालिका चालेल. पण मी पाहिलेल्या मालिकांमध्ये तीन पिढ्या एका छताखाली असतात आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला सगळे पुरुष दिवाणखान्यात उभे असतात.

भाद्रपदात मालिकांमध्ये गौरी येतात. आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी ज्वारीची आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी, आणि रात्री उशिरापर्यंत पंगती. घरातल्या ज्या सुनांचं एरवी पटत नाही त्या त्या तीन दिवसांत एकाच चुलीपुढे असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: लहान मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात, आणि त्याच दिवशी नागपूरच्या महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडा-पिडा घालवायला काढलेले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी ऐकत इथली मुलं मोठी होतात. मालिकेचं बळ जर पंचांगात आहे, तर पंचांगातले आमचे दिवस कोरे का?

दसऱ्याचं तर विशेष बोललं पाहिजे. मालिकेतल्या घरात त्या दिवशी आपट्याची पानं वाटतात, शस्त्रपूजा होते, सोन्याच्या वर्खाचं तोरण लागतं. नागपुरात त्या दिवशी लाखो माणसं दीक्षाभूमीकडे चालत असतात. 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पांढऱ्या साड्या, डोक्यावर गाठोडी, जागोजागी अन्नदानाचे मंडप, पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी, खांद्यावर बसलेली पोरं. बाबासाहेबांच्या जीवनावर 2019 मध्ये स्टार प्रवाहवर मालिका आली, ती आमच्याकडे घरोघर पाहिली गेली. पण ती चरित्राची गोष्ट होती. ज्या घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, त्या घरातली साधी, रोजची सासू-सुनेची गोष्ट, नवऱ्याने पगार लपवल्याची, नणंदेच्या दुसऱ्या लग्नाची, मी साडेसातच्या स्लॉटला कधी पाहिली नाही. महापुरुषाला पडदा मिळाला, त्याच्या माणसांच्या स्वयंपाकघराला मिळाला नाही. रोजच्या मालिकेत नसणं म्हणजे रोजच्या महाराष्ट्रात नसणं, असा त्याचा परिणाम होतो. कारण रोज दिसतं तेच नेहमीचं वाटतं, आणि जे दिसत नाही ते अपवाद ठरतं.

मराठी वाहिन्यांना मुलूख दाखवता येत नाही असं मुळीच नाही. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झाली, मालवणीत बोलली, आणि तो वाडा बघायला लोक गाड्या करून गेले. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळच्या वसगड्यात झाली, तिथेही तीच गर्दी. साताऱ्याकडचं बोलणं तर आता घराघरांत पोचलं आहे. मातीत उभी राहिली की मालिका अधिक खरी होते आणि चालतेही, हे सिद्ध झालेलं आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईकडून नागपूरला आला. मालिकेची गाडी मात्र साताऱ्याच्या पुढे क्वचितच येते.

मग 'माझ्या नवऱ्याची बायको'चं काय, असं कोणीतरी विचारेलच. विचारायलाच हवं. ऑगस्ट 2016 ते मार्च 2021, साडेचार वर्षं झी मराठीवर नागपूरची राधिका नायिका होती. अनिता दाते यांनी ती मनापासून उभी केली. तिच्या तोंडी "करून राहिले" आलं तेव्हा आमच्या घरात आईने मला आतून हाक मारून बोलावलं होतं, "ये ना लवकर, आपल्यासारखं बोलून राहिली ही!" त्या हाकेतला आनंद मी विसरणार नाही. महाराष्ट्रभर लोकांनी या बोलीच्या बाईवर प्रेम केलं. तिने मसाल्यांचा उद्योग उभा केला, ते लोकांना आवडलं.

पण त्या मालिकेत बोलीला काय काम दिलं होतं ते बघा. राधिका मुंबईकडच्या सोसायटीत राहते. नागपूर तिचं माहेर. तिच्या नवऱ्याला तिची लाज वाटते, आणि ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांत तिचं बोलणं आहे. बोली हे तिच्या भोळेपणाचं, साधेपणाचं चिन्ह आहे. प्रेक्षक तिच्या बाजूने असतो, हे कबूल. तरी तिची भाषा ही समजून घ्यायची, पदरात घ्यायची गोष्ट राहते. तिच्याभोवती त्याच भाषेत निर्णय घेणारा डॉक्टर, वकील, कारस्थानी जाऊ, कंजूष मालक, प्रेमात पडलेला मुलगा असं भरलेलं जग नाही. एखादी बोली तेव्हाच खरी वाटते, जेव्हा तिच्यात वाईट माणूसही बोलतो आणि हुशार माणूसही. एकट्या भल्या बाईच्या तोंडी दिलेली बोली पाहुणी म्हणून येते.

आणि एकूण मालिकांत, विनोदी कार्यक्रमांत, विदर्भाचा माणूस बऱ्याचदा हसवायलाच येतो. "काऊन बे" म्हटलं की हशा. वऱ्हाडी, नागपुरी, झाडीबोली यांतला फरकही कोणी करत नाही. सगळ्यांचा एक ठसका करून तो नटाच्या जिभेवर ठेवतात.

याचा परिणाम मला वर्गात दिसतो. मी मराठी शिकवते. नववीच्या वर्गात एक उपक्रम घेतला होता: घरी ऐकलेली एखादी गोष्ट, जशी ऐकली तशी सांगायची. एक मुलगी उभी राहिली. तिची आजी तरुणपणी पुरात नाला ओलांडून बाळंतिणीला घेऊन गेली, त्याची गोष्ट. "आजी म्हणे, पाणी वाढूनच राहिलं, अन् हे काही चालून नाही राहिली," इथपर्यंत ती आली आणि वर्ग हसला. ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, हे कॉमेडी वाटते. मी चांगल्या भाषेत सांगू का?"

पुरातल्या बाळंतिणीची गोष्ट होती ती. मुलं दुष्ट नव्हती. ही बोली ऐकली की हसायचं, हे त्यांना कोणीतरी रोज संध्याकाळी शिकवलेलं आहे. मुलीने मग तीच गोष्ट "पाण्याची पातळी वाढत होती" अशा भाषेत सांगितली आणि ती खाली बसली. गोष्टीतून आजी निघून गेली होती. मालिकेच्या खरेपणाबद्दल मी इतका जीव टाकून का लिहिते असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर त्या मिनिटात आहे. रोज येणाऱ्या गोष्टीने ठरवलं की खरं दुःख कोणत्या भाषेत होतं, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या आजीचं दुःख त्या यादीत बसलं नाही.

हे बदलता येणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना थोडा इतिहास आठवून देते. भारतातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका 'हम लोग' 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर सुरू झाली. तिची कल्पना आणली ती तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे यांनी. साठे नागपुरात शिकलेले, वर्ध्याचे खासदार. 1982 मध्ये मेक्सिकोच्या दौऱ्यावर असताना त्यांना कळलं की तिथे रोजच्या कौटुंबिक कथेतून कुटुंबनियोजन आणि साक्षरता लोकांपर्यंत नेतात. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या त्या मालिकेत बडकी, मझली, छुटकी, लल्लू आणि नन्हे होते, दारू पिणारा बाप होता, लग्नाची चिंता होती, जागेची अडचण होती. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्या दिवशीच्या प्रसंगावर बोलत. घर लहान होतं, पैसे कमी होते, आणि देश त्या घरासमोर बसून होता. मध्यमवर्गाची तंगी दाखवली की प्रेक्षक पळतो, हे म्हणणं आपल्याच देशातल्या पहिल्या मालिकेने खोटं पाडलेलं आहे. नंतर आपण मोठ्या जिन्याच्या घराकडे गेलो.

इंग्लंडमध्ये 1960 साली 'कोरोनेशन स्ट्रीट' सुरू झाली. मँचेस्टरकडच्या कामगार वस्तीतली एक गल्ली, तिथला गुत्ता, तिथली बोली. लिहिणारा टोनी वॉरन त्याच भागात वाढलेला, चोवीस वर्षांचा. ती मालिका अजून चालू आहे. तिथे बोली कुणा एका पात्राला चिकटवलेली नव्हती. गल्लीच त्या बोलीत होती.

आमच्याकडे लिहिणारे नाहीत का? गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला जाऊन या. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, गावोगाव शामियाने लागतात, नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. पडदे रंगवलेले, पुढ्यात वादक बसलेले, मध्येच गाणं. थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसं बसतात आणि दारू, जमीन, हुंडा यांच्या गोष्टींवर रडतात. रंगवलेला वाडा त्यांना आड येत नाही, जसा आईला जिना येत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. रोज नवं लिहिणारे, कमी तालमीत उभे राहणारे, प्रेक्षकाची नाडी जाणणारे लेखक आणि नट इथे आहेत. रोजच्या मालिकेला नेमकी हीच हत्यारं लागतात.

खर्चाचा मुद्दा मला समजतो. स्टुडिओ ठाण्यात, नट मुंबईत, तंत्रज्ञ तिथेच. रोज एक भाग पुरा करायचा तर माणसं आठशे किलोमीटर नेणं अवघड आहे. उन्हाळ्यात तर इथे बाहेर चित्रण करणं कठीणच. पण कोकणच्या पावसातही चित्रण अवघड होतं. प्रेक्षकाला बोली कळणार नाही हा मुद्दा मालवणीने निकालात काढला. उरतो तो टीआरपीचा हिशेब, आणि तो करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की नागपूर शहराचीच लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 24 लाख होती, अख्खा विदर्भ तर अकरा जिल्ह्यांचा आहे. हा प्रेक्षक आजवर निम्मं काम स्वतः करत आला. त्याच्या घरातली गोष्ट त्याच्या घरात जाऊन लिहा, एवढंच मागणं आहे. उच्चार शिकवायला एखादा माणूस नेमून हे होणार नाही. लेखकांच्या खोलीत इथली माणसं बसवा, निदान दोन. ती सांगतील की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, नळ किती वाजता येतो, आणि सासू सुनेला रागावते तेव्हा कोणता शब्द मुद्दाम टाळते.

त्या उपक्रमानंतर महिन्याभराने मी वर्गाला दुसरा दिला. तुमच्या घरात मालिकेचं शूटिंग सुरू झालं असं समजा. पहिला प्रसंग लिहा. बहुतेकांनी जिना लिहिला. नाल्याची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीने जे लिहिलं ते मी तिलाच वाचायला लावलं. संध्याकाळ. वडील कूलरमध्ये पाणी भरून राहिले. आजी पलंगावर, आई पोळ्या करून राहिली. वडील नळी हातात धरून, मागे न बघता सांगतात, "कंपनी बंद होऊन राहिली. सोमवारपासून नाही जायचं." आईचं लाटणं थांबतं. कोणी काही बोलत नाही. टाकी भरते, पाणी खाली येतं, फरशीवरून वाहत आजीच्या पलंगापर्यंत जातं. मग आजी म्हणते, "अरे, नळ तरी बंद करा ना कोणी."

ती वाचत होती तेव्हा वर्गात कोणी हसलं नाही.